लष्कराची यादी ढगात गेली, त्याची गोष्ट

मी सव्वीस वर्षं लष्कराच्या नोकरीत होते आणि एवढ्या काळात बंदूक फक्त गेटवरच्या जवानाच्या खांद्यावर पाहिली. हे आधीच सांगून टाकते. कारण "लष्करात होते" म्हटलं की लग्नकार्यात लोक खुर्ची पुढं ओढून बसतात. "म्हणजे नेमकं काय करायच्या?" असं विचारतात. मी "फॅनबेल्ट मोजायचे" म्हणते, आणि तीच खुर्ची हळूच मागं जाते.

पण खरं तेच आहे. आपल्या शहरातल्या छावणीत लष्करी गाड्यांच्या सुट्या भागांचं एक मोठं कोठार होतं. तिथं मी सिव्हिलियन म्हणून लागले आणि पुढं कॉम्प्युटर विभागाची प्रमुख झाले. विभाग म्हणजे मी, दोन क्लार्क आणि एक खोली. त्या खोलीतलं कुठलंही गुपित मी इथं फोडणार नाही. मला एकही ठाऊक नव्हतं. मला ठाऊक होते ते क्लचप्लेट, गॅस्केट, रबरी नळ्या आणि त्यांचे लांबलचक नंबर.

काम समजायला सोपं आहे. कुठंतरी लष्कराची गाडी बंद पडते. तिच्या युनिटकडून आमच्याकडं मागणी येते: अमुक नंबरचा भाग पाठवा. आम्ही यादीत बघतो. असेल तर कोणत्या फळीवर आहे ते कळतं आणि तो रवाना होतो. नसेल तर कागदावर "शिल्लक शून्य" लिहून मागणी दुसऱ्या कोठाराकडं जाते. थोडक्यात, कोठारात काय आहे याला महत्त्व नाही, यादीत काय आहे याला आहे. आमचे सुभेदार कदम म्हणायचे, "मॅडम, ट्रक डिझेलवर चालतो असं लोकांना वाटतं. ट्रक यादीवर चालतो."

सुभेदार कदम हे कोठाराचे खरे मालक. गंगापूरकडच्या शेतकरी घरातले, पीळदार मिशा, आणि कुठल्या खोक्यात काय आहे ते झोपेतून उठवून विचारलं तरी सांगतील असे. कॉम्प्युटर आल्यावरही त्यांनी आपली जुनी पुठ्ठ्याची कार्डं टाकली नव्हती. "तुमचं यंत्र दमलं की माझी कार्डं आहेतच," असं ते दर आठवड्याला मला ऐकवायचे.

आणि यंत्र दमायचं. त्या काळातली मोठी यंत्रं म्हणजे घरातल्या पहिल्या जावयासारखी. त्यांना गारवा लागायचा, धूळ चालायची नाही, आवाज केलेला चालायचा नाही. माझ्या खोलीत पांढऱ्या फरश्या होत्या आणि दाराबाहेर चपला काढायचा नियम होता. तो मीच केला होता. कोठाराचे प्रमुख कर्नल साहेबसुद्धा बूट काढून आत यायचे, तेव्हा मला जो आनंद व्हायचा तो लपवण्यासाठी मी कीबोर्डकडं बघत बसायची. खोली गार ठेवणारा एसी प्लांट पाण्यावर चालायचा. छतावर कूलिंग टॉवर, त्यातून पाणी खाली यायचं, तापून वर जायचं, आणि त्यातलं बरंचसं वाफ होऊन उडून जायचं. पाऊसपाणी बरं असताना याची कोणाला फिकीर नव्हती.

मग लागोपाठ दोन वर्षं पाऊस रुसला.

ते दिवस ज्यांनी पाहिले त्यांना सांगायला नको. नाथसागर जलाशयाच्या तळातल्या भेगा वर्तमानपत्रात रोज दिसायच्या. एकीकडं शहर मात्र थांबायला तयार नव्हतं. बीड बायपासला इमारतीमागून इमारती उठत होत्या, वाळूज आणि शेंद्र्याकडं कारखाने वाढत होते, आणि जो तो जमिनीत भोक पाडून बोअर खाली खाली नेत होता. आम्ही उस्मानपुऱ्यात राहायचो. नळ यायचा तो दिवस आमच्या इमारतीत सणासारखा साजरा व्हायचा. ऑफिसात लोक सरळ अर्जात लिहायचे, "घरी पाणी येणार असल्याने अर्धा दिवस रजा मिळावी." मी ती सही करून द्यायची. माझाही अर्ज त्याच गठ्ठ्यात असायचा.

एप्रिलमध्ये एका सकाळी माझ्या खोलीच्या दारात दहा-बारा बायका येऊन उभ्या राहिल्या. जवानांच्या क्वार्टर्समधल्या. हातात रिकाम्या घागरी आणि प्लास्टिकचे डबे. पुढं होती शेवंताबाई, एका हवालदाराची बायको. तिनं चपला काढल्या नाहीत.

"बाई, तुमच्या मशीनला रोज आंघोळ घालता म्हणं?"

"आंघोळ नाही हो. थंड ठेवायला पाणी लागतं."

"आमची पोरं बी तापल्यात की. त्यास्नी कोण थंड ठेवणार?" ती म्हणाली. "टँकर गेटातून आत येतो, आमच्या दारावरून जातो आन् तुमच्या माडीवर रिकामा व्हतो. आमी नुसतं बघत बसायचं व्हय?"

मागून एक म्हातारी म्हणाली, "अगं, यंत्राला तरी दाखवा एकदा. कसलं पाणी पितं ते बघू दे." सगळ्या हसल्या. मीही हसले, आणि मग सगळ्यांना आत बोलावून ते यंत्र दाखवलं. लोखंडी कपाट, त्यावर हिरवे दिवे. म्हातारीनं ते नीट न्याहाळलं आणि म्हणाली, "एवढंच?"

तो शब्द मला लागला. दुसऱ्याच दिवशी मी कर्नल साहेबांना सांगून टाकलं की उन्हाच्या वेळेत, बारा ते चार, यंत्र बंद ठेवू. प्लांटही बंद. वाचलेलं पाणी क्वार्टर्सना जाऊ दे. साहेबांनी मान हलवली. आठवडाभरात शेवंताबाईनं मला कुरडयांचा डबा आणून दिला, आणि मी छावणीतली सगळ्यांत लोकप्रिय सरकारी बाई झाले. सकाळी घाईघाईनं मागण्या उरकायच्या, दुपारी टेबलावर कागद लावायचे, चारला पुन्हा यंत्र सुरू. छान चाललं होतं.

मे महिन्यात एका दुपारी साडेबाराला फोन आला. पलीकडं एक तरुण कॅप्टन. त्यांची तुकडी बीडच्या पुढं, दुष्काळी भागात पाणी पुरवायला लावली होती. पाणी गाळून शुद्ध करणारे तीन ट्रक त्यांच्याकडं होते. तलावाच्या तळाला राहिलेलं गढूळ पाणी ओढायचं, गाळायचं आणि गावांना द्यायचं. पण त्या गाळानं पंपाची रबरी सीलं खाल्ली होती. सील म्हणजे तळहाताएवढी एक गोल चकती, बस. एक ट्रक बंद पडला होता, दुसरा गळत होता.

"मॅडम, आहेत का तुमच्याकडं?"

"चार वाजता बघून सांगते," मी म्हणाले.

"चार?"

"यंत्र बंद आहे."

त्यानं भागाचा नंबर पुन्हा एकदा सांगितला. मग "ठीक आहे, मॅडम," म्हणाला. त्या आवाजात राग नव्हता. लष्करातल्या लोकांना वाट बघायची सवय असते.

चारला यंत्र सुरू झालं. यादी उघडली. शिल्लक शून्य. सुभेदार कदमांनी कार्ड काढलं. तिथंही शून्य. मग नेहमीचा रस्ता: मोठ्या कोठाराला संदेश. ते आपल्या यंत्रात बघणार, नसेल तर पुढं कळवणार. प्रत्येक कोठाराची वेगळी खोली, वेगळं यंत्र, वेगळी यादी. एकाला दुसऱ्याचं दिसत नव्हतं. सुभेदारांनी ओळखीच्या सगळ्या कोठारांत फोन लावले. कुठं "उद्या बघतो", कुठं "साहेब रजेवर", कुठं "आमचंही यंत्र बंद". दुसऱ्या दिवशी कॅप्टनचा पुन्हा फोन आला. तिन्ही ट्रक उभे होते, आणि गावातली माणसं नदीत खणलेल्या गढूळ झऱ्यांकडं परत गेली होती. तिसऱ्या दिवशी सकाळी तो म्हणाला, "मॅडम, गावात उलट्या-जुलाब सुरू झालेत. काहींना तालुक्याला हलवलंय." आणि फोन ठेवला.

मी पुन्हा तीच यादी उघडून बघत होते, तेवढ्यात सलीमभाई आले.

सलीमभाई म्हणजे आमच्या भिंतीपलीकडच्या वर्कशॉपचे स्टोअरवाले. वर्कशॉप लष्कराचंच, पण खातं वेगळं, त्यामुळं गेट वेगळं, साहेब वेगळे आणि कॉम्प्युटरही वेगळा. दोन्हींच्या मध्ये एक दगडी भिंत. ते आले होते प्रिंटरची रिबन उसनी मागायला. माझा चेहरा बघून त्यांनी विचारलं, "क्या हुआ मॅडम? घर में सब खैरियत?"

मी सांगितलं. नंबर सांगितला. त्यांनी तो परत म्हणायला लावला.

"ये तो हमारे पास है ना," ते म्हणाले. "बेचालीस पड़े हैं. पुराने ट्रक निकाले तब के."

सुभेदार कदम उठून उभे राहिले. मी बसूनच राहिले. कारण मला त्याच क्षणी काहीतरी आठवलं होतं, आणि सलीमभाईंनाही आठवलं होतं. सभ्य माणूस. ते खाली बघून हळूच म्हणाले, "मैं चार साल पैले चिट्ठी डाला था ना मॅडम. दोनों लिस्टां जोड़ने की. आपकीच सही है उसपे."

हो, माझीच सही होती. दोन्ही यंत्रं एका तारेनं जोडावीत, म्हणजे एकमेकांच्या याद्या दिसतील, असं त्यांनी लिहिलं होतं. मी त्यावर शेरा मारला होता: "सुरक्षेच्या कारणास्तव शक्य नाही." वाचायला किती भारदस्त! खरं कारण एवढंच होतं, की माझ्या यंत्रात दुसऱ्या कोणी डोकावलेलं मला नको होतं. तेवढीच एक खोली होती जिथं साहेबलोक बूट काढायचे. सुरक्षा हा शब्द लष्करात लई उपयोगी पडतो. तो लिहिला की पुढं कोणी विचारत नाही.

तासाभरात खोका जीपमध्ये होता. मी कर्नल साहेबांना म्हणाले, मी पण जाते. ते म्हणाले, तुमचं तिथं काय काम? मी म्हणाले, काही नाही. त्यांनी माझ्याकडं पाहिलं आणि सही केली.

सुभेदार पुढं, मी मागं, मांडीवर खोका. दोन्ही बाजूंना काळी रानं उघडी पडलेली. दुपारी गावात पोचलो. चिंचेखाली तिन्ही ट्रक उभे, भोवती घागरींची रांग. जवानांनी खोका अक्षरशः हिसकावून घेतला. पाऊण तासात पहिला पंप सुरू झाला. नळीतून आधी तपकिरी, मग पिवळट आणि शेवटी स्वच्छ पाणी आलं. मी आयुष्यात हजारो सुटे भाग पाठवले होते. एखादा भाग गाडीत बसताना पहिल्यांदाच बघत होते.

रांगेतली एक बाई माझ्याजवळ आली. माझ्याच वयाची असेल. जुनं, झिजलेलं सील जवानानं खाली टाकलं होतं. ते तिनं उचललं आणि मला दाखवलं.

"ह्येच का ते? एवढ्याशा रबरासाठी तीन दिस?"

"हो."

"लई लांबनं आणलं का?"

इथं खोटं बोलणं सोपं होतं. सुभेदार माझ्याकडंच बघत होते.

"नाही," मी म्हणाले. "आमच्या शेजारीच होतं. आम्हाला माहीत नव्हतं."

ती चिडेल असं मला वाटलं, किंबहुना तिनं चिडावं अशी माझी इच्छा होती. पण ती थोडं हसली. "आमच्या घरी बी तसंच हाय. तिघी जावा, तीन चुली. मागं मी मिठासाठी गावभर हिंडले, आन् धाकटीच्या घरी डबा भरलेला. म्हणलं, तिच्या दारात कशाला जायाचं." मग तिनं घागर उचलली. "माझी पोरगी तालुक्याला सलाईनवर हाय. बरी हाय आता. तिला हे पाणी नेते."

तालुक्याला नेलेली सगळी माणसं बरी होऊन परतली. हे मी नंतर कॅप्टनकडून खात्री करून घेतलं. एकदा नाही, तीनदा. तरीही ती तीन चुलींची गोष्ट मला आजवर सोडत नाही.

परत येताना सुभेदार म्हणाले, "तुम्ही यंत्राला दोष देऊ नका मॅडम. माझ्या कार्डांनी पण हेच केलं असतं. कार्ड शेजारच्याशी बोलत नाही." सुभेदारांनी आपल्या कार्डांविरुद्ध काढलेला हा पहिला शब्द.

दुसऱ्या दिवशी मी स्वतः चालत वर्कशॉपला गेले. भिंत एक, पण गेटानं वळसा घालून जायला पंधरा मिनिटं लागतात. सलीमभाईंची माफी मागितली. "छोड़ो मॅडम," ते म्हणाले, "चाय पियो. फिर चिट्ठी लिखेंगे, इस बार बड़ी वाली." आणि आम्ही दोघांनी मिळून ती मोठी चिठ्ठी लिहिली.

त्यात आम्ही लिहिलं, की प्रत्येक कोठारानं आपलं यंत्र आपल्या खोलीत कोंडून ठेवणं थांबवावं. लष्करानं स्वतःची मोठी संगणक केंद्रं उभारावीत आणि सगळ्यांनी त्यांतली ताकद लागेल तशी वापरावी. तेव्हा "क्लाउड" हा शब्द नुकताच आमच्यापर्यंत पोचला होता. मी तो सुभेदारांना समजावायला गेले तर ते म्हणाले, "मॅडम, दोन वर्षं झाली सगळा मराठवाडा ढगाची वाट बघतोय, आणि तुम्ही यादी ढगात ठेवायला निघाल्या."

ढगबिग त्यात काही नसतं. मोठ्या इमारती असतात, त्यांत हजारो यंत्रं. तुमचं काम कुठल्या यंत्रावर चाललंय ते तुम्हाला कळत नाही आणि कळायची गरजही नसते. एक बंद पडलं तर दुसरं ते उचलून घेतं. माझं यंत्र वर्षातले अकरा महिने अर्धं झोपलेलं असायचं आणि वार्षिक मोजणीच्या महिन्यात धापा टाकायचं. असंच प्रत्येक कोठारात. सगळ्यांची ताकद एकत्र ठेवली तर ज्याला जेव्हा लागेल तेव्हा ती मिळते. पाणी त्या इमारतींनाही लागतंच, फुकट काही नसतं. पण त्या कुठं बांधायच्या हे निदान ठरवता येतं. दुष्काळात छावणीतल्या बायकांच्या दारावरून टँकर न्यावा लागत नाही.

चिठ्ठी वर गेली. आश्चर्य म्हणजे ती कोणीतरी वाचली. पावसाळा तोंडावर असताना एक ब्रिगेडियर साहेब आमचं म्हणणं ऐकायला आले. उंच, शांत आणि प्रश्न विचारून समोरच्याला पूर्ण बोलू देणारे. अशी माणसं जास्त अवघड जातात.

माझ्याच खोलीत बैठक भरली. सगळे मोज्यांवर.

साहेबांनी पहिलाच प्रश्न माझ्या जुन्या शेऱ्यावर बोट ठेवल्यासारखा विचारला. "मॅडम, सुरक्षेचं काय? आज शत्रूला शंभर दारं फोडावी लागतील. उद्या एकच."

"साहेब," मी म्हणाले, "ती शंभर दारं कशी आहेत ते एकदा बघावं. माझ्या यंत्राचा पासवर्ड माझ्या टेबलाच्या काचेखाली, गणपतीच्या फोटोमागं लिहिलेला आहे. सगळ्या ऑफिसला माहीत आहे."

कर्नल साहेबांनी डोळे मिटून घेतले.

मला आता थांबता येईना. "यंत्राच्या सुरक्षेतल्या फटी बुजवायला प्रोग्रॅमच्या सीडी येतात. त्या मी सवड मिळेल तशा घालते. मला सवड मिळत नाही. मी बाई मेहनती आहे, पण पहारेकरी म्हणून मी एकटी आहे, आणि पाचला घरी जाते. मोठ्या केंद्रात दिवसरात्र हेच काम करणारी जाणकार माणसं बसवता येतील. शंभर कच्च्या दारांपेक्षा थोडी, पण पोलादी दारं बरी."

"आणि ते केंद्रच उडालं तर?"

"म्हणून एक नको. लांब लांबच्या तीन-चार ठिकाणी त्याच्या प्रती हव्यात. आज खरं तर आमची यादी एकाच ठिकाणी आहे. या खोलीत."

"सीमेवर तार तुटली, संपर्क गेला, तर?"

याचं माझ्याकडं अर्धंच उत्तर होतं आणि मी तसं सांगितलं. प्रत्येक ठिकाणी कामापुरती छोटी प्रत ठेवावी लागेल, संपर्क आला की ती मोठ्या यादीशी जुळवावी लागेल, आणि त्यात भांडणं होतील. आणि हे सगळं कोणा कंपनीच्या भरवशावर सोडू नये. जमीन आपली, पहारा आपला, किल्ल्या आपल्या.

साहेबांनी मान हलवली. मग सहज म्हणाले, "तुमची यादी आत्ता गेली तर परत कशी आणता?"

"टेपवरून," मी अभिमानानं म्हणाले. रोज संध्याकाळी पूर्ण यादीची प्रत मी ठरावीक टेपांपैकी एकीवर पाळीपाळीनं घ्यायची आणि कपाटात ठेवायची. इतक्या वर्षांत एकही दिवस चुकला नव्हता.

"कुठलं कपाट?"

"हे." कपाट त्याच खोलीत होतं. ते म्हणताना मला पहिल्यांदा त्यातला विनोद कळला.

"मग एक छोटा तुकडा परत आणून दाखवा."

मी कालची टेप लावली. यंत्रानं घरघर केली आणि ती बाहेर ढकलली. परवाची लावली. तेच. आठवड्याआधीची लावली. खोलीत फक्त माझ्या बांगड्यांचा आवाज. दोन महिने रोज चार तास ती खोली भट्टीसारखी तापत होती, आणि मी टेप विसरले होते. बायकांना पाणी दिलं ते बरोबरच केलं. पण टेप गार जागी हलवायचं माझ्या डोक्यातच आलं नाही. एकही टेप वाचता आली नाही.

मला वाटलं, संपलं. साहेबांनी चष्मा काढून पुसला. "मॅडम," ते म्हणाले, "तुमच्या सगळ्या मुद्द्यांपेक्षा हा मुद्दा चांगला होता."

आता कोणाला वाटेल की यानंतर महिन्याभरात सगळं बदललं. आपण सरकारबद्दल बोलतोय. त्याच पावसाळ्यात एवढंच झालं, की सलीमभाईंनी ड्रिल आणून भिंतीला भोक पाडलं आणि दोन्ही यंत्रं एका तारेनं जोडली. त्या दिवशी सुभेदार कदम पेढे घेऊन आले. बाकीचं यायला वर्षं गेली. समित्या झाल्या, अहवाल झाले, ब्रिगेडियर साहेब निवृत्त झाले, सुभेदारही आपल्या शेतावर गेले. यंत्रं दोनदा बदलली, लहान झाली, पण राहिली आपापल्या खोल्यांतच. प्रत्येक कोठारात माझ्यासारखं एकेक माणूस बसलेलं होतं, आणि प्रत्येकाकडं "सुरक्षेच्या कारणास्तव" हे शब्द तयार होते. मी बैठकांना जायची आणि त्यांच्याशी भांडायची. त्यांचे चेहरे बघून मला चांगलंच कळायचं, हे कशाला घाबरलेत.

माझ्या निवृत्तीला काही आठवडे उरले असताना आमचं कोठार अखेर जोडलं गेलं. लष्कराचं स्वतःचं मोठं केंद्र दूर कुठंतरी उभं राहिलं होतं. कुठं ते मला माहीत नाही, आणि हे सांगताना मला आनंद होतो. शहराला तोवर नवं नाव मिळालं होतं. आमची यादी एका दुपारी तिकडं गेली. मग चार माणसं आली आणि माझं यंत्र उचलून घेऊन गेली. ती बूट घालूनच आत आली, आणि त्यांना थांबवायला माझ्याकडं कारण नव्हतं. एसी काढला, कपाटं काढली. फरशीवर त्यांच्या जागी जरा जास्त पांढरे चौकोन तेवढे राहिले. मीच मागितलेलं होतं हे सगळं. तरी त्या दिवशी मी जेवणाचा डबा न उघडताच घरी नेला.

शेवटच्या आठवड्यात मी त्या रिकाम्या खोलीत एका टेबलावर छोटा कॉम्प्युटर ठेवून बसायची. सगळ्या कोठारांच्या याद्या आता एकाच पडद्यावर दिसायच्या. एका सकाळी वर उत्तरेतल्या बर्फातल्या एका तुकडीची मागणी आली. जनरेटरचा एक भाग हवा होता. आमच्याकडं शून्य. पण पडद्यावर आणखी तीन कोठारं दिसली, त्यांतलं एक त्यांच्यापासून सगळ्यांत जवळचं. मी कळ दाबली. चहा गार व्हायच्या आत तिकडून "रवाना करत आहोत" असं उत्तर आलं. मी दोन वेळा वाचलं.

थोड्या वेळानं लष्करी लाइनवरचा फोन वाजला. खरखर, आणि त्यातून लांबचा आवाज, हिंदीत. मागणी पाठवणारा, नाईक हुद्द्याचा जवान होता. इतक्या लवकर मंजुरी कशी आली, काही चूक तर नाही ना, हे विचारत होता. मी हिंदीत सांगितलं की चूक नाही, नवी पद्धत आहे. बोलता बोलता दुसऱ्या एका नंबराबद्दल त्यानं विचारलं, आणि मी पडद्याकडं बघत सवयीनं म्हणून गेले, "नाय दिसत इथं."

मग तो म्हणाला, "मॅडम, तुमी कुठल्या?"

"माहेर कन्नड तालुक्यातलं."

"आरं द्येवा! मी तिथलाच, पिशोरचा." तो एकदम मोठ्यानं हसला. मग आवाज खाली आणून म्हणाला, "मॅडम, चार महिने झाले, आपल्याकडचं कोणी भेटलं नाय. इथं सगळी चांगली माणसं हायत, पण… दोन मिन्टं बोलता का? कायबी बोला."

लष्करी लाइनवर खासगी बोलायला सक्त मनाई आहे. सव्वीस वर्षांत मी तो नियम एकदाही मोडला नव्हता. मी दाराकडं पाहिलं. बाहेर कोणी नव्हतं. मी खुर्ची भिंतीकडं वळवली आणि विचारलं, "घाटातनं जाणारी जीप अजून तशीच गच्च भरते का रे?"

"भरती की!" तो म्हणाला. "मागच्या सुट्टीत मी टपावर बसून गेलो."

आणि मग आम्ही दोन मिनिटांपेक्षा बरंच जास्त बोललो.